आधी हळद, मग चौक

नवसामावशी लग्नाची चित्रं काढत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. का काढत नाही, हे मात्र आमच्यापैकी एकानेही तिला कधी विचारलं नव्हतं. शहाण्या माणसांचं असंच असतं, जवळचं सोडून सगळं विचारतात.

मागच्या वर्षी प्रदर्शनात गंगापूर रोडवरच्या एक बाई आल्या होत्या. त्यांना सोफ्याच्या वर लावायला वारली चित्र हवं होतं. "ते लग्नाचं असतं ना, घोड्यावर नवरा-नवरी, मधे देवी, ते दाखवा," म्हणाल्या. मावशीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लगीन संपलं," ती म्हणाली. "जेसीबी हे."

आणि त्या बाई खरंच जेसीबीचं चित्र घेऊन गेल्या. डोंगर उकरणारा जेसीबी, त्याच्या सोंडेवर बसलेले बगळे, खाली पळणारे ससे, उंदीर, मुंग्या, आणि सगळ्यात शेवटी फाइल घेऊन पळणारा एक साहेब. तो आज त्यांच्या सोफ्याच्या वर पळतोय.

आमच्या समूहाचं नाव 'कणगी'. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच टोपली. प्रत्येकाने आपलं पसाभर आणून टाकायचं आणि ज्याला लागेल त्याने काढायचं, म्हणून हे नाव घेतलं. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडचे आदिवासी चित्रकार, बांबूकाम करणारे, असे सगळे मिळून आम्ही दर उन्हाळ्यात नाशकात एक सामूहिक प्रदर्शन भरवतो. आमचा नियम एकच. कुणी कुणाला 'असं काढ, तसं काढ' म्हणायचं नाही. आमचा बहिरू द्राक्षबागेवर औषध मारणारे ड्रोन काढतो. लोक म्हणतात, हे कसलं पारंपरिक? तो म्हणतो, "माझ्या डोक्यावरनं रोज जातंय ते." झालं.

मी अंजली. जातीच्या दाखल्यावर वारली, बाकी सातपूर कॉलनीत वाढलेली. वडील कारखान्यात होते, मी शाळेत चित्रकला शिकवते आणि 'कणगी'ची धावपळ करते. धावपळ म्हणजे हॉल ठरवणे, चहा ठरवणे आणि योगेशला आवरणे. त्यातलं तिसरं काम सर्वांत मोठं.

योगेश चांदवडचा, कांदेवाल्या घरातला. पंचवटीत त्याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. आमच्या सगळ्यांच्या चित्रांना चौकटी तोच करतो, आणि मनापासून करतो. माणूस सोन्यासारखा. पण उत्साह हा त्याचा जुना आजार. यंदा त्याने कुणाला न विचारता मुंबईच्या एका मोठ्या कलासमीक्षक बाईंना उद्घाटनाला बोलावलं, आणि कुणाला न विचारता निमंत्रणाची कार्डं छापून आणली. मोठ्या अक्षरांत: 'ज्येष्ठ चित्रकार नवसाबाई उद्घाटनाच्या दिवशी आपल्यासमोर लग्नाचा देवचौक साकारतील.'

देवचौक म्हणजे आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर काढतात तो चौकोन. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला, नक्षीच्या कडांचा, आणि मधे पालघट देवी. तिच्याशिवाय वारल्याचं लग्न लागत नाही.

"आपला नियम काय आहे?" मी विचारलं.

"अगं, मी कुठे काय काढायला सांगितलं?" योगेश म्हणाला. "मी फक्त छापलं."

या माणसाला काय बोलायचं, सांगा.

मावशी हरसूलहून आठवडे बाजाराच्या दिवशी आली. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. आधी ती हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू थांबलं आणि ती तळहाताकडे बघत राहिली.

"मना चौक लिहिता येत नाय," ती म्हणाली. आमच्यात चित्र काढत नाहीत, लिहितात.

"मावशी, काहीतरीच काय! अख्ख्या डोंगरात तुझ्यासारखा हात नाही."

"हात हे," ती म्हणाली. "हळद नाय."

मला कळेना. मग तिने सांगितलं, आणि मला माझ्या दाखल्याची लाज वाटली. चौक लिहायचा तो सवाशिणींनी. ज्यांना लग्नाची हळद लागली, त्यांनीच. आणि नवसामावशी आणि बारकूकाका, ज्यांना मी जन्मापासून नवरा-बायको म्हणून ओळखते, त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं. तरुणपणी ती त्याच्या घरी राहायला आली, तशी आमच्यात पुष्कळ येतात. हातात काही आलं की पुढे लग्न उरकतात. यांचं पुढेच गेलं. एका सालाला बैल मेला, एका सालाला छप्पर उडालं, एका सालाला पोरगा झाला. आईबापाचं लग्न राहिलेलं असलं तर पोराच्या मांडवात आधी आईबापाचं लावतात, मग पोराचं. पण पोराने दिंडोरीला द्राक्षाच्या शेडवर काम करता करता कोर्टात लग्न केलं आणि तीही गाडी चुकली.

"म्हणजे लग्नघरात तू काय करतेस?"

"तांदूळ वाटते," मावशी म्हणाली. "चौकाचं पीठ माझ्यासारखं कुणाचं होत नाय. मी दारात वाटते, त्या आत लिहितात. लय वाकडं लिहितात, अंजे. मी दारातून बघते, आन माझे दात शिवशिवतात."

हे ती हसत सांगत होती. मला मात्र हसू येईना. जिच्या चित्रासमोर शहरातली माणसं तास तास उभी राहतात, ती आपल्याच गावात दाराच्या बाहेर बसून इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी तांदूळ वाटत होती.

योगेशला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा काढला. त्याचे तोडगे लगेच निघतात, हीच अडचण आहे.

"तुम्ही चौकासारखं काहीतरी काढा ना मावशी. मुंबईच्या बाईंना काय कळणार?"

"त्यांना नाय कळणार," मावशी म्हणाली. "मना कळंल."

"मग दुसऱ्या कुणाला तरी..."

"कार्डावर नाव कुणाचं हे?"

"तुमचं."

"मग लावा माझं लगीन."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की योगेशने 'हो' म्हणून टाकलं. मग त्याला त्याचा अर्थ कळला. मला वाटतं, मावशी कितीतरी वर्षं कुणीतरी अशी चूक करायची वाटच बघत होती.

त्या दिवशी ती हरसूलला परत गेलीच नाही. "नवरी नवऱ्याच्या घरी कशी ऱ्हाईल?" म्हणाली आणि माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला माहेर करून टाकलं. बारकूकाकाला निरोप गेला: उद्घाटनाच्या दिवशी मांडव घालून घेऊन जा, नाहीतर राहा एकटा.

बारकूकाकाचा दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"अंजे, तिला इचार, मिठाचा डबा कुठं हे?"

मी विचारलं. मावशी म्हणाली, "सांग, नवऱ्याला माहीत असतं. तो नवरा नाय."

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ कोंबड्यांचा आवाज आला.

मग रोजच फोन. शेळी दूध देत नाही. भाकरी तव्याला चिकटते. चूल धूर करते. मधेच एकदा, "ते परदर्शनाच्या हॉलचं दार केवढं रुंद हे?" काका बांबूचं काम करतो, आमच्या प्रदर्शनात त्याने आजवर बांबूची मोटारसायकल ठेवली, बांबूचा टीव्ही ठेवला. मला वाटलं, यंदाही काहीतरी घाट घातलाय. मी तेव्हा एकीकडे चहावाल्याशी भांडत होते. "बैलगाडी जाईल एवढं आहे काका!" म्हणून फोन ठेवला. लग्नाचं मात्र तो नावच काढेना.

शेवटी योगेश मोटारसायकलवर हरसूलला गेला, काकाची समजूत घालायला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या हातात एक सुंदर टोपली होती आणि चेहरा पडलेला होता.

"काय म्हणाले?"

"त्यांचं बरोबर आहे गं," योगेश म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. समजूत घालायला गेलेला माणूस समजूत घालून घेऊन आला होता.

काकाचं म्हणणं असं. त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी दहा पावसाळे सुखाने एकत्र राहिले. मग वाजतगाजत लग्न केलं. चौक लिहिला, हळद लावली, गावजेवण झालं. आणि दुसरा बाजार यायच्या आत दोघांचं असं भांडण झालं की वहिनी माहेरी गेली ती कायमची. तेव्हापासून काकाच्या मनात बसलं, लग्नानंतर भांडण होतंच. बैल मेला, छप्पर उडालं, हे सगळं लोकांना सांगायला. "चांगलं चाललेलं हे," तो योगेशला म्हणाला होता, "लगीन करून कशाला मोडू?"

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"हे त्यानं मना कवाच सांगितलं नाय," ती म्हणाली. "मना वाटलं, त्याला मी नको हे नवरी म्हणून. रानातून आणली, ठेवली, तेवढं बास."

डोळ्यांतलं पाणी कांद्याचं नव्हतं. तिने ते लपवलंही नाही. मग नाक पुसून म्हणाली, "लाव फोन."

माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती. मी स्पीकर चालू केला. अशा बाबतीत मला लाज नाही.

"काय रे," मावशी म्हणाली. "लगीन झाल्यावर भांडण होतं म्हणतोस?"

"होतं," पलीकडून बारीक आवाज आला.

"आन नवरी माहेरी जाते?"

"जाते."

"मग आता मी कुठं हे?"

"माहेरी," काका म्हणाला.

"भांडण झालं, माहेरी येऊन बसले, तुझी भाकरी करपली. समदं आधीच झालं. आता मागं काय ऱ्हायलं? नुसतं लगीनच ऱ्हायलं. ते उरक."

फोन कट झाला. काकाने केला की रेंज गेली, ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला तर बंद. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं.

"येईल का गं?" मी विचारलं.

"मना काय ठाऊक," मावशी म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. पण त्या दिवशी भाजीत तिने दोनदा मीठ टाकलं.

इकडे हॉलचे मॅनेजर अडून बसले. हॉल प्रदर्शनासाठी आहे, लग्नासाठी देत नाही, हळदीचे डाग जात नाहीत. योगेश त्यांना म्हणाला, "साहेब, हे प्रदर्शनच आहे. फक्त यात माणसं खरी आहेत." कसं कोण जाणे, त्यांना ते पटलं. पुढचं अंगण वापरा म्हणाले, आत हळद नको. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातलं एक तरी कमी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशीच्या निरोपावरून, हरसूलहून बायकांनी भरलेली जीप आली. पुढच्या सीटवर बायडाबाई. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. गाणी म्हणत म्हणत लग्न लावणारी बाई. बायडाबाई आमच्या भागातली धवलेरी. वयाने वाकलेली, आवाजाने अजिबात नाही. तिने हॉलभर फिरून सगळी चित्रं बघितली. बहिरूच्या ड्रोनपुढे थांबून म्हणाली, "हे किडं लय मोठं झालं."

योगेशने प्लायवूडच्या दोन भिंती उभ्या केल्या होत्या. शेण-गेरूने सारवलेल्या, एक दाराजवळ लहान, एक हॉलच्या मधोमध भलीमोठी, दिवे वगैरे सोडलेली. लहान लग्नाच्या चौकासाठी, मधली मावशीसाठी. बायडाबाईने मोठीला ढकलून बघितलं. ती हलली.

"हिच्यावर देवी पडंल," बायडाबाई म्हणाली आणि लहान भिंतीकडे गेली. "चला गं."

"पण काकांचा पत्ता नाही अजून," मी हळूच म्हणाले.

"चौक लिहिला की नवरा येतो. चौक नवऱ्याची वाट बघत नाय."

तांदूळ वाटायला बसायची सवय असलेली मावशी आपोआप पाट्याकडे वळली. बायडाबाईने तिचा दंड धरला. "तू नवरी हे. गप बस." आणि तिला एका खुर्चीत बसवलं, अगदी त्या लहान भिंतीच्या समोर.

पुढचा वेळ मी जन्मभर विसरणार नाही. चार बायका बांबूची काडी चावून, पिठात बुडवून चौक लिहायला लागल्या. आणि समोर नवसामावशी, हात मांडीवर ठेवून. एक रेघ डावीकडे झुकली. मावशीची मान डावीकडे झुकली. एक झाड मुळापासून तिरकं गेलं. मावशीने डोळे मिटले. नवरा बसलेल्या घोड्याला पाचवा पाय फुटला तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली.

"ती शेपूट हे," लिहिणारी म्हणाली.

"शेपूट पुढं असते का?"

"नवरीनं बोलायचं नाय!" बायडाबाई ओरडली, आणि गाणं सुरू केलं. त्या गाण्यात नवरीला लय बोलायची सवय आहे, नवऱ्याचं कसं होणार, असं काहीतरी होतं. बायका हसून हसून वाकड्या रेघा आणखी वाकड्या करत होत्या.

त्याच वेळी मुंबईच्या पाहुण्या बाई आल्या. कॉटनची साडी, मोठा चष्मा. त्या थेट चौकासमोर जाऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "काय मुक्त रेषा आहे! नवसाबाईंचा हात किती निर्भय झालाय." मावशीने पदर तोंडात कोंबला. योगेश काही सांगायला पुढे झाला, मी त्याचा पाय दाबला.

चौक पुरा झाला. कडेची नक्षी भरली, देवी उभी राहिली. नवऱ्याचा पत्ता नव्हता. पाहुण्या घड्याळ बघायला लागल्या. बायकांचं गाणं संपून दुसरं सुरू झालं, तेही संपलं. मावशी दाराकडे बघत नव्हती, आणि ती बघत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. मी मनातल्या मनात बारकूकाकाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

आणि मग फाटकाबाहेर मोठा आरडाओरडा झाला. एक पिकअप गाडी फाटकात अडकली होती. मागे उभा राहून बारकूकाका ओरडत होता, "डावीकडं! आरं, डावीकडं!" त्याच्या डोक्यावर बांबूचा एक अख्खा मांडव होता. विणलेला, नक्षीदार, खांबांसकट, छताला बांबूचेच पक्षी लटकावलेले. मावशी गेल्यापासूनचा एक एक दिवस, मीठ कुठे आहे विचारत विचारत, तो मांडव विणत होता. भाकरी करपत होती ती त्यामुळे.

"हॉलच्या दारातून जाईल का?" तो मला वरूनच विचारायला लागला. "बैलगाडीच्या मापाचा केला हे, तू सांगितलंस तसा!"

दारातून धड शेळी जाईल की नाही अशी शंका होती. मी जीभ चावली. मांडव अंगणात कडुलिंबाखाली उभा केला, आणि बघा, मॅनेजरांचीही तीच इच्छा होती.

काका उतरून मावशीसमोर उभा राहिला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल.

"भांडण संपलं का?" त्याने विचारलं.

"मीठ सापडलं का?" मावशीने विचारलं.

"नाय."

"मग नाय संपलं. पण लगीन करून घे."

लग्न लागलं. आमचा सगळा समूह वऱ्हाड झाला. बहिरूने नवऱ्याच्या बाजूने नाचून घेतलं, योगेश दोन्ही बाजूंनी नाचला. हळद मुंबईच्या बाईंच्या चष्म्यालाही लागली. बायडाबाईने हळदीचा शेवटचा हात मावशीच्या गालावर फिरवला तेव्हा मावशी एकदम लहान पोरीसारखी रडायला लागली, आणि तिला बघून मीही. काका घाबरला. त्याला वाटलं, भांडण सुरू झालं.

जेवणं झाल्यावर पाहुण्या बाईंनी कार्ड काढलं. आता त्यांना खरा प्रकार कळला होता, आणि त्यांनी तो मोकळेपणाने हसून घेतला होता. "आता तर काही अडचण नाही ना, नवसाबाई? या मोठ्या भिंतीवर तुमचा चौक होऊन जाऊ दे."

मावशीने भिंतीकडे बघितलं. मग बाईंकडे.

"तुमचं लगीन हे का?"

"माझं?" बाई म्हणाल्या. "नाही हो! एकदा झालं तेवढं पुरे."

"मग कुणाचं हे?" मावशीने सगळीकडे बघितलं. नजर माझ्यावर आल्यावर मी पाण्याचे ग्लास गोळा करायला लागले. "कुणाचंच नाय. मग चौक कसा लिहू? लगीन नाय तिथं देवीला नुसतं उभं करायचं का?"

अशी ती मोठी भिंत रिकामीच राहिली. योगेशने कपाळ बडवून घेतलं आणि शेवटी तिच्याखाली पाटी लावली: 'नवसाबाई. लग्न नाही म्हणून चौक नाही.' तुम्हाला खोटं वाटेल, पण प्रदर्शन संपेपर्यंत सगळ्यात जास्त फोटो त्या रिकाम्या भिंतीचे निघाले. कॉलेजची पोरं तिच्यासमोर उभी राहून गंभीर चेहरे करायची. एकाने तर मला समजावून सांगितलं की अनुपस्थिती हेच इथे चित्र आहे. मी म्हटलं, "बरोबर आहे बाळा, चहा घेतोस?"

लहान भिंत पुसायची नव्हती, लग्नाचा चौक पुसत नाहीत. ती पिकअपवर बांधून हरसूलला गेली आणि काकाच्या घरात उभी राहिली. पाच पायांचा घोडा मावशीला रोज सकाळी दिसायला लागला. "बघवत नाय," ती फोनवर सांगायची, आणि रोज सांगायची.

मे महिन्यात त्यांच्याच पाड्यावर एक लग्न निघालं. मावशीने मला मुद्दाम बोलावलं. लग्नघरी पोचले तेव्हा दारात पाटा-वरवंटा मांडलेला होता, तांदूळ भिजलेले होते, आणि मावशी सवयीने पाट्यासमोर बसलेली होती. चौक लिहायच्या काड्या आत चालल्या होत्या.

आतून बायडाबाईचा आवाज आला. "नवसा! तिथं काय करते? आत ये."

मावशी हातातला वरवंटा धरून तशीच राहिली. मग उठली. लुगड्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि उंबरा ओलांडून आत गेली.

"आन तांदूळ कोण वाटंल?" कुणीतरी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. वय चौतीस, हळद नाही. मी निमूटपणे पाट्यासमोर बसले.

तिथून आतलं सगळं दिसत होतं. मावशी भिंतीसमोर बसली होती, हातात काडी. जेसीबीची सोंड एका दमात ओढणारा तो हात भिंतीपर्यंत जायचा आणि परत यायचा. पिठाचे थेंब तिच्या मांडीवर पडत होते. बाहेर बारकूकाका खांबाला टेकून, मान लांब करून आत बघत बसला होता.

"लिही की," बायडाबाई हळू आवाजात म्हणाली.

मावशीने रेघ ओढली. रेघ निघाली तीच तिरकी, मधे वाकली आणि खाली पोचेपर्यंत पार डावीकडे गेली. मी वाटायची थांबले. माझे दात शिवशिवले.

"पुसू का?" एका पोरीने ओला फडका उचलला.

"हात लावू नको," नवसामावशी म्हणाली. "माझी हे ती." आणि तिने काडी पुन्हा पिठात बुडवली.